मलाक्का बंदराचें जहाज आणि हरवलेला नकाशा

मलाक्का नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, पाण्याच्या अगदीं जवळ पण कोरड्या जमिनीवर, एक प्रचंड लांकडी जहाज उभें आहे. त्याची लांबी ३६ मीटर, रुंदी ८ मीटर व उंची ३४ मीटर आहे. डोलकाठ्या उंच आकाशांत गेल्या आहेत आणि पिछाडीचा मजला एखाद्या जुन्या वाड्याच्या गच्चीसारखा वर उठला आहे. परंतु या जहाजानें आजवर एकही लाट पाहिलेली नाहीं. मलेशिया देशांतील मलाक्का राज्यानें १९९४ सालीं उघडलेल्या सागरी संग्रहालयाची ही इमारत होय. तिचा आकार ज्या जहाजावरून घेतला आहे, तें खरें जहाज पांचशें वर्षांपूर्वीं सुमात्रा बेटाच्या किनाऱ्याजवळ बुडालें. त्याचें नांव ‘फ्लोर द ला मार’, म्हणजे ‘समुद्राचें फूल’.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या स्मरणग्रंथांत दूरदेशच्या एका संग्रहालयाची हकीकत कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, मलाक्का आपल्याला वाटतें तितकें दूर नाहीं. आपल्या कोंकणच्या बंदरांतून निघालेले व्यापारी तेथें जात असत. ज्या फिरंगी आरमारानें गोवें घेतलें त्याच आरमारानें दुसऱ्या वर्षीं मलाक्का घेतलें. ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास आपण गोव्यास जातों, त्याचें शरीर गोव्यास येण्यापूर्वीं मलाक्काच्या टेकडीवर पुरलें होतें. आणि त्या शहराच्या एका टोंकास आजही अशी एक कॅथॉलिक कोळ्यांची वस्ती आहे कीं, तिच्यांतील सण पाहून आपल्या किनाऱ्यावरील माणसास घरीं आल्यासारखें वाटावें. हें संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां जें पाहिलें व त्यामुळें जें आठवलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

पायांतील जोडे बाहेर काढून आम्ही त्या जहाजाच्या पोटांत शिरलों. आंत गलबतांच्या लहान प्रतिकृति, नकाशे व चित्रें मांडलेलीं आहेत, आणि सुलतानांच्या काळापासून पोर्तुगीज, डच व इंग्रज या तिन्ही अमदानींपर्यंतची बंदराची कहाणी क्रमानें सांगितली आहे.

वाऱ्यांनीं वसविलेलें शहर

इ. स. १४०० च्या सुमारास पालेंबांग येथील एक राजपुत्र परागंदा होऊन या किनाऱ्यावर आला. त्याचें नांव आपल्या कानांस ओळखीचें वाटेल. तें होतें परमेश्वर. त्या वेळीं येथें मासे मारणाऱ्यांची एक लहानशी वस्ती होती. राजपुत्रास पहिला आधार मिळाला तो ‘ओरांग लाउत’ या लोकांचा. या शब्दांचा अर्थ ‘समुद्राचे लोक’ असा आहे. होडींतच जन्मावें, होडींतच संसार करावा, होडींतच म्हातारें व्हावें, असें त्यांचें जीवन होतें. सामुद्रधुनींतील खडक, वाळूचे दांडे व प्रवाह त्यांस आपल्या अंगणासारखे ठाऊक होते. त्यांनीं नव्या राजाच्या वतीनें सामुद्रधुनीवर पहारा ठेविला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांस या बंदराकडे वळविलें. राज्यास नांव राजाचें मिळालें, परंतु तें पाण्यावर तोलून धरलें तें या कोळ्यांनीं.

मलाक्कास पोटापुरता तांदूळ पिकविण्याइतकी शेती नव्हती. जावा, सयाम व पेगू येथून धान्य आणावें लागे. त्या शहराचें सारें भाग्य वाऱ्यांवर अवलंबून होतें. एका मोसमांत हिंदुस्थानाकडील गलबतें वाऱ्यानें पूर्वेस येत. दुसऱ्या मोसमांत ईशान्येच्या वाऱ्यानें चीनकडील जहाजें दक्षिणेस उतरत. परत फिरावयाचें तर वारा बदलेपर्यंत थांबणें भाग असे. हें थांबण्याचें ठिकाण म्हणजे मलाक्का. सुमात्रा बेटाच्या आडोशामुळें मोठ्या तुफानांचें भय येथें कमी, आणि सामुद्रधुनी अरुंद असल्यामुळें येणारास हीच वाट धरावी लागे. खंबायतचें कापड, मोलुक्का बेटांतील लवंग, बांदा बेटांतील जायफळ व जायपत्री, तिमोरचें चंदन, चीनचें रेशीम व चिनी मातीचीं भांडीं हा सारा माल येथें एका बाजारांत उतरे. १४०५ ते १४३३ या काळांत चीनच्या बादशहानें आपला दर्यासारंग झेंग हे यास सात वेळां पश्चिम समुद्रांत पाठविलें, तेव्हां त्याच्या प्रचंड ताफ्यानेंही माल ठेवण्यासाठीं व वारा फिरण्याची वाट पाहण्यासाठीं मलाक्काच निवडलें.

शहर पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर थोड्याच दिवसांत तोमे पिरेश नांवाचा एक पोर्तुगीज औषधविक्या तेथें येऊन राहिला. १५१२ ते १५१५ या काळांत त्यानें पूर्वेकडील देशांचें मोठें वर्णन लिहून काढलें. मलाक्काच्या बंदरांत ८४ भाषा कानांवर येतात असें तो सांगतो. आणि तेथें येणाऱ्या लोकांची जी लांबलचक यादी त्यानें दिली आहे तिच्यांत कैरो, मक्का, एडन, होर्मुझ व खंबायत यांच्या जोडीला चौल, दाभोळ व गोवें येथील माणसेंही आहेत. हीं नांवें वाचून आम्ही क्षणभर थबकलों. आज चौलच्या खाडींत गाळ भरला आहे आणि दाभोळास लहान होड्या व तरी यांचीच ये-जा विशेष दिसते. परंतु एके काळीं तेथून निघालेला माणूस लवंगेच्या भावासाठीं मलाक्काच्या बाजारांत घासाघीस करीत उभा असे.

समुद्राचा कायदा

इतक्या जातींचे, इतक्या धर्मांचे लोक एका बंदरांत नांदवावयाचे तर नुसत्या तलवारीनें भागत नाहीं. मलाक्काच्या सुलतानांनीं त्यासाठीं चार शहाबंदर नेमिले होते. एक केवळ गुजराथी व्यापाऱ्यांसाठीं, कारण त्यांचा पसारा सर्वांत मोठा. दुसरा बंगाल, पेगू, पासै व हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांसाठीं. तिसरा जावा, मोलुक्का, बांदा इत्यादि बेटांतील लोकांसाठीं. आणि चौथा चिनी व त्यांच्या शेजारील देशांच्या लोकांसाठीं. परदेशांतून आलेल्या नाखव्याची गांठ प्रथम आपल्या शहाबंदराशीं पडे. त्यानेंच त्यास दरबारीं न्यावें, वखारीस जागा द्यावी, तंटा झाल्यास मध्यें पडावें, अशी रीत होती.

समुद्रावरील वर्तनाचाही एक लेखी कायदा होता. तो ‘उंदांग-उंदांग लाउत मलाका’ म्हणजे ‘मलाक्काचा समुद्रकायदा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याप्रमाणें गलबतावर नाखवा हा राजाच होय. जमिनीवर राजाचे जसे प्रधान व कोतवाल, तसे गलबतावर सुकाणू धरणारा व नांगर सांभाळणारा. बंदरांत पोंचल्यावर माल प्रथम नाखव्यानें विकावा, त्यानंतर गलबतांत भाड्यानें जागा घेतलेल्या व्यापाऱ्यांनीं, आणि त्यानंतर इतरांनीं, असाही क्रम ठरलेला होता. या मलायी कायद्यांतील अधिकाऱ्याचें नांव ‘नाखोदा’ असें आहे. मूळ शब्द फारसी. तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर ‘नाखवा’ झाला. आपल्या कोळीवाड्यांत ज्या नांवानें होडीच्या मालकास हांक मारतात, तेंच नांव पांचशें वर्षांपूर्वीं मलाक्काच्या कायद्यांत लिहिलें गेलें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. समुद्रानें माणसें जितकीं दूर नेलीं तितकेच शब्दही दूर नेले.

‘समुद्राचें फूल’

आतां ज्या जहाजाच्या पोटांत आम्ही उभे होतों त्याची कथा. ‘फ्लोर द ला मार’ हें ४०० टनांचें जहाज १५०२ सालीं लिस्बन येथें बांधलें गेलें. हिंदुस्थानाच्या वाटेवरील जहाजें त्या काळीं तीन-चार वर्षांतच निकामी होत. हें मात्र नऊ वर्षें टिकलें, जरी त्यास प्रारंभापासूनच गळतीचा रोग जडला होता. १५०९ च्या दीवच्या लढाईंत तें होतें, १५१० च्या गोव्याच्या मोहिमेंत होतें, आणि १५११ सालीं आल्फोन्स द आल्बुकर्कच्या आरमारांत तें मलाक्कावर चालून आलें.

त्याच्या दोन वर्षें आधीं, म्हणजे १५०९ सालीं, दियोगु लोपिश द सिकैरा हा पांच जहाजें घेऊन प्रथम मलाक्कास आला होता. तेथें फिसकटलें, कांहीं पोर्तुगीज मारले गेले व कांहीं कैदेंत राहिले. त्यांस सोडविणें हें निमित्त झालें. खरी इच्छा मसाल्याच्या व्यापाराची किल्ली आपल्या हातीं घेण्याची होती. १५११ च्या उन्हाळ्यांत आल्बुकर्क कोचीहून सुमारे १८ जहाजें व १,२०० माणसें घेऊन निघाला. त्यांत मलबारी शिपाईही होते. ऑगस्ट महिन्यांत नदीवरील पुलासाठीं घनघोर लढाई झाली आणि शहर पडलें. सुलतान महमूद शहा आंतल्या रानांत पळाला. विजयी सेनापतीनें लागलीच नदीकांठीं दगडी कोट बांधण्यास घेतला. त्यासाठीं मशिदींचे व जुन्या सुलतानांच्या कबरींचे दगड वापरले, असें पोर्तुगीजांच्याच बखरींत नमूद आहे.

येथें आम्हां कॅथॉलिकांस थोडें थांबून विचार केला पाहिजे. ज्या आरमाराच्या शिडांवर क्रूस रंगविलेला होता, त्याच आरमारानें दुसऱ्यांच्या मृतांच्या विसाव्याचे दगड उपटले. हें झांकून ठेवण्यानें प्रभूचा गौरव वाढत नाहीं. मलाक्काच्या लोकांनीं आपल्या संग्रहालयास आकार दिला तो आपल्या जेत्याच्या जहाजाचा. आंत मात्र त्यांनीं आपला इतिहास मांडला, या जहाजाच्या येण्यापूर्वींचा व त्याच्या जाण्यानंतरचाही. आपला पराभव लपवून न ठेवतां तो नदीमुखावर उघडा उभा करण्यास धैर्य लागतें. त्या धैर्याचें आम्हांस कौतुक वाटलें.

हरवलेला नकाशा

१५११ च्या अखेरीस आल्बुकर्क मलाक्काहून हिंदुस्थानास परत निघाला. लुटीचा उत्तम भाग या गळक्या जहाजावर चढविला होता, कारण तेंच सर्वांत मोठें होतें. सुमात्राच्या ईशान्य किनाऱ्याजवळ रात्रीं तुफान झालें, जहाज उथळ पाण्यांत आदळून फुटलें व बुडालें. आल्बुकर्क स्वतः तराफ्यावरून कसाबसा वांचला. बरोबरचीं बहुतेक माणसें व सारी संपत्ति समुद्रानें गिळली. त्या सोन्याच्या कथांनीं आजही लोकांस वेड लागतें. संग्रहालयांत येणारा प्रत्येक मुलगा प्रथम हेंच विचारतो कीं, तें सोनें सांपडलें काय?

आमच्या मतें त्या रात्रीं बुडालेली सर्वांत मोलाची वस्तु सोन्याची नव्हती. १५१२ च्या एप्रिलमध्यें आल्बुकर्कनें पोर्तुगालच्या राजास एक पत्र लिहिलें. त्यांत त्यानें एका जावी वाटाड्याच्या मोठ्या नकाशाची हकीकत दिली आहे. त्या नकाशावर आफ्रिकेचें दक्षिण टोंक होतें, पोर्तुगाल व ब्राझील होतें, तांबडा समुद्र व इराणचें आखात होतें, लवंगेचीं बेटें होतीं, आणि चिनी व र्‍यूक्यू येथील जहाजांच्या वाटा आंखलेल्या होत्या. स्थळांचीं नांवें जावी अक्षरांत लिहिलीं होतीं. असा नकाशा आपण दुसरा पाहिला नाहीं, असें त्या गर्विष्ठ सेनापतीस कबूल करावें लागलें. पिढ्यानपिढ्या पूर्वेकडील खलाशांनीं जमविलेलें ज्ञान आणि नव्यानें आलेल्या युरोपीयांची माहिती या दोहोंचा संगम एका कागदावर झाला होता. तो कागद ‘समुद्राच्या फुला’बरोबर तळाशीं गेला. तो काढणाऱ्या वाटाड्याचें नांवही कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

परंतु सर्वच गेलें नाहीं. फ्रान्सिश्कु रोद्रिगिश नांवाच्या एका पोर्तुगीज वाटाड्यानें त्या नकाशाच्या एका भागाची नक्कल आधींच उतरून घेतली होती, आणि तोच तुकडा आल्बुकर्कनें राजाकडे पाठविला. मूळ बुडालें, नक्कल राहिली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं आम्ही तिच्याकडे पुन्हां येणार आहोंत.

ज्यांच्या ज्ञानावर मोठ्यांच्या सफरी चालल्या, अशा निनांवी माणसांपैकीं एकाचें निदान बाप्तिस्म्याचें नांव तरी उरलें आहे. फर्नांव द मॅगेलन हा १५०९ व १५११ या दोन्ही वेळीं मलाक्कास आलेल्या आरमारांत होता. त्यानें येथून एक तरुण गुलाम नेला. त्याचें ख्रिस्ती नांव एनरीक. १५१९ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघण्यापूर्वीं मॅगेलननें मृत्युपत्र केलें. त्यांत एनरीक हा मलाक्काचा, सुमारे २६ वर्षांचा व ख्रिस्ती असून आपल्या मरणानंतर तो स्वतंत्र व्हावा, असें स्पष्ट लिहिलें. जहाजें पश्चिमेकडून अफाट महासागर ओलांडून १५२१ च्या मार्चमध्यें फिलिपाईन बेटांस लागलीं. तेथील होडींतील लोकांस एनरीकनें मलायी भाषेंत हांक मारली आणि त्यांना ती समजली. आपण पृथ्वीला वळसा घालून पुन्हां आपल्या भाषेच्या आवारांत आलों, हें त्या क्षणीं त्या गुलामास सर्वांआधीं कळलें असेल. २७ एप्रिल रोजीं मॅगेलन मारला गेला. मृत्युपत्राप्रमाणें एनरीकला सोडावयास हवें होतें. परंतु नव्या कप्तानानें तें नाकारलें. थोड्याच दिवसांत सेबू येथें मेजवानीच्या प्रसंगीं पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांची कत्तल झाली, आणि त्यानंतर एनरीकचा मागमूस लागत नाहीं. तो मलाक्कास परतला असेल तर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य तोच ठरतो. पण तें लिहून ठेवणारें कोणी त्याच्याजवळ नव्हतें.

टेकडीवरील रिकामी कबर

संग्रहालयांतून बाहेर पडून थोडें चालत गेलें कीं एक टेकडी लागते. तिच्या माथ्यावर छप्पर नसलेलें एक जुनें देऊळ आहे. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं तेथें मरियामातेचें लहानसें देऊळ बांधलें होतें. पुढें तें येशूसंघाच्या हातीं आलें व वाढलें. डचांनीं त्यास सेंट पॉलचें नांव दिलें, तेंच आज चालतें. भिंतींशीं मोठमोठ्या कोरीव समाधिशिला टेंकून ठेविल्या आहेत. आंत जाळीनें झांकलेला एक खळगा आहे. संत फ्रान्सिस झेवियरची ही रिकामी कबर.

संत फ्रान्सिस मलाक्कास प्रथम आला १५४५ च्या सप्टेंबरांत. त्यास मलायी भाषा येत नव्हती. म्हणून तेथील जाणत्या लोकांस जवळ बसवून त्यानें श्रद्धांगीकार, दहा आज्ञा व मुख्य प्रार्थना यांचें भाषांतर करून घेतलें व तें स्वतः पाठ केलें. सायंकाळीं हातांत घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे व लोकांस प्रार्थनेस बोलावी. १५४७ च्या डिसेंबरांत याच टेकडीवरील देवळांत त्यास आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ भेटला. त्या भेटींतून जपानचें मिशन जन्मास आलें. त्यानंतर १५४८ सालीं संत फ्रान्सिस आपल्या वसईस गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांच्या भेटीस आला होता, हें आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक असेल. १५४९ च्या २४ जूनला तो मलाक्काहून एका चिनी गलबतावर चढला. त्या गलबताच्या मालकास लोक ‘चांचा’ म्हणत. अशा जहाजावरून निघालेला हा धर्मवीर १५ ऑगस्ट रोजीं, स्वर्गोन्नयनाच्या सणीं, कागोशिमा येथें उतरला.

तलवार व क्रूस एकाच जहाजानें आले हें खरें; परंतु ते नेहमीं एका मनाचे नव्हते, हेंही मलाक्कानेंच दाखविलें. १५५२ सालीं संत फ्रान्सिस चीनकडे वकिलात घेऊन निघाला असतां मलाक्काचा कप्तान, वास्को द गामाचा मुलगा आल्वारु द आताइद, यानें त्याची वाट अडविली. मलाक्कांत त्या संताचा अपमान झाला तो आपल्याच धर्माच्या, आपल्याच राजाच्या अधिकाऱ्याकडून. शेवटीं वकिलातीवांचून तो पुढें गेला, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्यासमोरील एका बेटावर त्यानें देह ठेविला. १५५३ च्या मार्चमध्यें त्याचें शरीर मलाक्कास आणून या टेकडीवर पुरलें. कांहीं महिन्यांनीं तें पुन्हां बाहेर काढलें आणि १५५४ च्या मार्चमध्यें गोव्यास पोंचलें. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस देवळांत आपण ज्याच्यापुढें गुडघे टेंकतों, त्याचा शेवटचा प्रवास या खळग्यांतून सुरू झाला.

१६४१ सालीं डचांनीं जोहोरच्या सुलतानाच्या मदतीनें मलाक्का घेतलें. मग कॅथॉलिकांवर कठीण दिवस आले. धर्मगुरु हद्दपार झाले, देवळें गेलीं आणि मिस्सा चोरून साजरी करावी लागली. तरीही लोक विश्वासांत राहिले. १७१० सालीं, डचांचीच सत्ता असतांना, सेंट पीटरचें देऊळ बांधण्याची परवानगी मिळाली. तें आजही चालू आहे. त्या देवळांत १६०८ सालची एक घंटा आहे. ती गोव्याहून आलेली. ज्या समुद्रावरून तोफा गेल्या, त्याच समुद्रावरून ही घंटाही गेली. तोफा गंजल्या, घंटा वाजते आहे.

पुढें १८२४ च्या तहानें मलाक्का कायमचें इंग्रजांकडे आलें. त्यापूर्वींच, १८०७ च्या सुमारास, त्यांनीं आल्बुकर्कचा कोट पाडण्यास आरंभ केला होता. आज त्याचा एक दरवाजा तेवढा उरला आहे. पिनांग व सिंगापूर यांनीं व्यापार ओढून घेतला, नदींत गाळ साचला आणि जगाचें बंदर एक शांत गांव होऊन राहिलें. २००८ सालीं युनेस्कोनें मलाक्कास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

कोळ्यांची वस्ती

संग्रहालयापासून थोड्या अंतरावर, उजोंग पासिर येथें, समुद्रकांठीं एक वस्ती आहे. येथील लोकांस ‘क्रिस्तांग’ म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘ख्रिस्ती’. पोर्तुगीज खलाशी व शिपाई यांनीं येथील स्त्रियांशीं लग्नें केलीं, त्यांचे हे वंशज. १९३० नंतरच्या दशकांत दोन धर्मगुरूंच्या खटपटीनें सरकारनें सुमारे २८ एकर जमीन घेऊन या गरीब लोकांस एकत्र वसविलें. त्यांची भाषा जुन्या पोर्तुगीजमधून निघालेली व मलायीनें घडविलेली आहे. चौलजवळील कोर्लईच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांची बोलीही याच कुळांतील. आईबाप वेगळे असले तरी आजी एक. मलायी भाषेंत चर्चला ‘गरेजा’ म्हणतात व धर्मगुरूस ‘पादरी’. आपण ‘इगर्जी’ व ‘पाद्री’ म्हणतों.

या वस्तींतील कित्येक पुरुष पिढ्यानपिढ्या मासेमारी करीत आले. छातीइतक्या पाण्यांत उतरून, बांबूंना बांधलेलें जाळें पुढें ढकलीत, ते बारीक कोळंबी धरतात. तिला ते ‘गरागाव’ म्हणतात. आपण तिला जवळा म्हणूं. तो वाळवून, कुटून त्याच्या वड्या करतात; त्यांचा वास एकदां नाकांत गेला कीं माणसास आपल्या किनाऱ्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. २९ जूनला संत पेत्रूचा सण येतो. त्या दिवशीं होड्या रंगवून, पताका लावून किनाऱ्यावर ओळीनें उभ्या करतात, आणि धर्मगुरु त्यांजवर पवित्र जल शिंपडून आशीर्वाद देतात. तो सोहळा ज्यानें आपल्याकडे पाहिला आहे त्यास अधिक सांगणें नको.

परंतु या आनंदांत एक शल्य आहे. गेल्या कित्येक दशकांपासून मलाक्काच्या किनाऱ्यावर भराव घालून नवी जमीन केली जात आहे. आल्बुकर्कच्या कोटाचा जो दरवाजा एके काळीं समुद्राजवळ होता, तो आज दुकानांच्या गर्दींत आंत पडला आहे. उजोंग पासिरच्या कोळ्यांनींही गाऱ्हाणें केलें आहे कीं, भरावामुळें पाणी गढूळलें, जवळा कमी झाला आणि समुद्र आमच्या दारापासून दूर गेला. ज्या ओरांग लाउत लोकांनीं बंदर उभें केलें त्यांचीं नांवें उरलीं नाहींत; ज्या क्रिस्तांग कोळ्यांनीं डचांच्या अमदानींत विश्वास राखला त्यांच्या पायांखालचा समुद्रच आतां सरकत आहे. राजांची व कप्तानांची आठवण ठेवणें सोपें असतें. जाळें ढकलणाऱ्या माणसाची आठवण त्याचें जाळें सुटतांच पुसली जाते.

ज्युबिलीचें काम

परत येतांना आमच्या मनांत तो हरवलेला नकाशा घोळत होता. आपल्या धर्मग्रामांतही असे नकाशे आहेत. बाप्तिस्म्याच्या जीर्ण नोंदवह्यांत ते आहेत; ज्या आजीला लग्नांतील जुनीं गाणीं अजून पाठ आहेत तिच्या कंठांत आहेत; कोणत्या खडकापाशीं कोणत्या महिन्यांत कोणतें जाळें टाकावें, हें ज्या म्हाताऱ्या नाखव्यास ठाऊक आहे त्याच्या डोक्यांत आहेत. देऊळ बांधतांना ज्यांनीं डोक्यावरून दगड वाहिले त्यांचीं नांवें कोनशिलेवर नसतात. परंतु त्यांच्या नातवंडांस अजून तीं सांगतां येतात.

हीं जहाजें जुनीं आहेत व गळतही आहेत. त्यांतील एखादें केव्हां बुडेल याचा नेम नाहीं. मूळ वांचविणें प्रत्येक वेळीं मनुष्याच्या हातीं नसतें. परंतु नक्कल उतरून घेणें निश्चित हातीं असतें. रोद्रिगिशनें एक तुकडा उतरला, म्हणून त्या निनांवी वाटाड्याच्या ज्ञानाचा अंश तरी जगास मिळाला. हा स्मरणग्रंथ म्हणजे अशीच एक लहानशी नक्कल आहे. ज्युबिलीचा समारंभ आटोपल्यावर ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांनीं एखाद्या संध्याकाळीं, तेर्साची प्रार्थना झाल्यावर, त्यांच्याजवळ बसावें, विचारावें आणि लिहून घ्यावें. गोव्याची घंटा मलाक्कास अजून वाजते, कारण पडत्या देवळांतून ती कोणीतरी उचलून नेली. आपल्या पूर्वजांचा आवाज तसाच उचलून पुढच्या पिढीच्या हातीं देण्याची बुद्धि व चिकाटी दयाळू प्रभु आपणां सर्वांस देवो.